घरशाळा चालवताना : कागद, पाळी आणि पावसाळा

"मुलीला शाळेतून काढलं तर पोलीस येतील का?" "पुढे दहावीला बसता येतं का?" "दिवसभर मूल घरात असताना स्वयंपाक कधी करायचा?" घरी शिकवण्याचा विचार करणाऱ्या आया हेच प्रश्न आलटून पालटून विचारतात. पालघर जिल्ह्यातल्या बोईसर, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या पट्ट्यात तर हमखास. पहिला प्रश्न दबक्या आवाजात येतो, शेवटचा हसत हसत. उत्तर मात्र शेवटच्याचंच सर्वांत अवघड आहे.

घरशाळा चांगली की वाईट, या वादात हा लेख शिरत नाही. तुमचा निर्णय जवळजवळ झाला आहे, किंवा मूल आधीच घरी आहे आणि जूनमध्ये नक्की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं समजून पुढचं लिहिलं आहे.

कायद्यात तुमची जागा कुठे?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० सांगतं की, सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. कर्तव्य लिहिलं आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद त्या कायद्यात सांगितलेली नाही. नावातली 'सक्ती' मुख्यतः सरकारवर आहे. शाळा उपलब्ध करून देणं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल हे पाहणं, हे कलम ८ ने सरकारच्या अंगावर टाकलं आहे. दुसरीकडे, घरशाळेला मान्यता देणारं कलमही या कायद्यात नाही. पोलीस येणार नाहीत, पण कुणी शिक्काही मारून देणार नाही. या मधल्या जागेत काही वर्षं काढायची तयारी असेल तरच पुढे जा.

त्यातून तीन गोष्टी निघतात.

- शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक घरोघर फिरतात आणि तुमच्या दारातही येतील. ते त्यांचं काम करत असतात, त्यांच्याशी वाद घालू नका. चहा द्या, मुलाची वही दाखवा, मुक्त शिक्षणात नाव नोंदवलं असेल तर त्याची पावती दाखवा. मुलाचं नाव 'शाळाबाह्य' म्हणून लिहिलं गेलं तरी घाबरण्याचं कारण नाही. त्या यादीचा उद्देश मुलाला शाळेत आणणं हा आहे.
- शेजारची मुलं गोळा करून 'शाळा' काढू नका. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि सांगूनही चालू ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत. दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र बसवणं वेगळं. बोर्ड, फी, गणवेश, दाखला या वाटेला जाऊ नका.
- मुलगी घरी आणि मुलगा शाळेत, हे होत नाही ना ते पाहा. हे मी स्पष्टच लिहिते. धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, आईच्या हाताखाली राहायला म्हणून घरी ठेवलेल्या मुलीच्या शिक्षणाला घरशाळा म्हणता येणार नाही. त्या मुलीला शाळाच हवी.

आमच्या जिल्ह्याची एक जुनी ओळख

शाळेच्या भिंतीबाहेर शिकणं ही कल्पना शहरातून आली, असा अनेकांचा समज असतो. पण ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली ती आपल्याच किनाऱ्यावर. पुढे त्या आणि अनुताई वाघ डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले. त्यातून कुरणशाळा उभी राहिली. पानं, बिया, शंख, दगड हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळालं तर जरूर वाचा.

एक फरक मात्र विसरू नका. त्या बायकांनी शाळा मुलांपर्यंत नेली, कारण मुलांना दुसरा मार्ग नव्हता. आपण दारात शाळा असताना बाहेर राहतो आहोत. त्यांचं साहित्य घ्यावं, त्यांच्या त्यागाचं नाव आपल्या निर्णयाला लावू नये.

फाईल : जूनच्या आधी करून ठेवा

घरशाळा मोडते ती बहुतेकदा अभ्यासामुळे मोडत नाही, कागदामुळे मोडते. एक जाड फाईल आणा आणि तिच्यात एवढं ठेवा :

- ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, मूळ आणि प्रती. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पुढे शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच लागणार आहे. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का, ते आजच पाहा. 'कुंभवली' हे गावाचं नावसुद्धा इंग्रजीत प्रत्येक कागदावर वेगळं लिहिलेलं सापडतं.
- मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. काही शाळा पुढच्या शाळेचं नाव सांगितल्याशिवाय तो देत नाहीत. लेखी अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, प्रगतिपुस्तकंही मागून घ्या. मूळ दाखला कुणालाही देऊन टाकू नका.
- शाळेच्या नोंदीतला मुलाचा विद्यार्थी क्रमांक. परत शाळेत जाताना तो सांगितला की नोंद लवकर सापडते.
- जातीच्या दाखल्याची तयारी. पालघर जिल्ह्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जात पडताळणीत शाळेच्या जुन्या नोंदींना वजन असतं. तुमच्या मुलाची नोंद शाळेत नसेल, तर वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जुने महसुली कागद आत्ताच गोळा करा. आजोबा हयात असताना हे काम सोपं असतं.
- वर्षभराच्या वह्या, चित्रं, भेट दिलेल्या ठिकाणांचे फोटो, दर महिन्याला एक पान टिपण. टिपण तारखेसह लिहा, आठ-दहा ओळी पुरेत.

आणि हे हातचं जाणार आहे, तेही निर्णयाआधी समजून घ्या. शाळेतला पोषण आहार, मोफत पुस्तकं-गणवेश, शाळेमार्फत मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, शिष्यवृत्ती परीक्षा, शालेय क्रीडा स्पर्धा. पालघरचं जवाहर नवोदय विद्यालय माहीमला आहे. तिथे सहावीला प्रवेश हवा असेल तर मुलाने तिसरी, चौथी, पाचवी ही वर्षं मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. घरची परिस्थिती बेताची आणि मूल हुशार असेल तर मी स्वतः नवोदयचा विचार आधी करीन, घरशाळेचा नंतर.

पाळीच्या घरातलं वेळापत्रक

पुण्या-मुंबईच्या घरशाळांची वेळापत्रकं आपल्याला बसत नाहीत. त्याचं कारण भोंगा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी असलेल्या घरात दिवस पाळीवर ठरतो. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, तेव्हा दोन खोल्यांच्या घरात पाढे मोठ्याने म्हणता येत नाहीत. साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असंही नाही. म्हणून घड्याळाला धरून तास लावू नका, पाळीला धरून कामं लावा.

- वडिलांची पहिली पाळी : सकाळी घर मोकळं. भाषा, गणित, मोठ्याने वाचन, तोंडी हिशेब सगळं याच वेळात. संध्याकाळी वडील घरी, तेव्हा त्यांच्याकडे एखादंच काम द्या. सायकल खोलणं, फ्यूज बदलणं, पगाराच्या चिठ्ठीवरची वजावट समजावून सांगणं. पगाराची चिठ्ठी हे टक्केवारीचं उत्तम पुस्तक आहे.
- दुसरी पाळी : दुपारपर्यंत वडील घरी असतात. बाजार, बँक, पोस्ट, समुद्र ही बाहेरची कामं त्यांच्याबरोबर सकाळी उरका. लिहिण्याचं काम दुपारी.
- रात्रपाळी : सकाळ शांततेची. चित्र, लेखन, मनातल्या मनात वाचन, अंगणातलं काम. आवाजाचं सगळं दुपारी चारनंतर.

प्राथमिक वयात रोज दीड ते दोन तास बसून केलेला अभ्यास पुष्कळ होतो. शाळेत चाळीस मुलं सांभाळताना जो वेळ जातो तो तुमचा जात नाही. याहून जास्त वेळ मुलाला टेबलाशी बांधून ठेवलंत, तर शाळा घरी आणून तिचे फक्त मित्र वगळले, एवढंच होईल.

पुस्तकांसाठी पैसे घालवू नका. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तसेच वाचायला मिळतात. पावसाळ्यात वीज गेली की मोबाईल कामाचा नाही, म्हणून दर महिन्याला लागतील तेवढी पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून ठेवा.

ऋतूप्रमाणे काय शिकवाल?

खरी मजा इथे आहे, आणि घरशाळेतल्या आईचा थकवा उतरतो तोही इथेच. वर्षाची आखणी कॅलेंडरपेक्षा बाजारातल्या टोपल्यांवरून करा.

*जून.* पहिल्या पावसाबरोबर वलगण चढते. ओढ्यातून शेतात शिरणारे मासे पकडायला सगळं गाव निघतं. मासे उलटे, पाण्याच्या धारेविरुद्ध का चढतात, हा प्रश्न मुलाला त्याच वेळी विचारा. अंडी घालायला उथळ, नवं पाणी लागतं, हे उत्तर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. अंडी भरलेली मासळी पकडावी का, यावर घरात भांडणही होऊ द्या. बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, शेजारी काकडं असतातच. शेवळं खाजरी, आंबट काकडाशिवाय शिजवली की घसा धरतो. ही रसायनशास्त्राची पहिली पायरी समजा. विकणाऱ्या मावशीला मुलानेच विचारावं : कुठून आणली, कशी ओळखली, किती वेळ लागला? रानभाजी स्वतः ओळखून तोडायच्या भानगडीत पडू नका, चुकीच्या कंदाने माणूस दवाखान्यात जातो.

*जुलै.* सरळ काठाची प्लॅस्टिकची बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पाणी मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर पन्नास मिलिमीटर पडला तर पाचशे लिटर. हे गणित मुलाला एकदा कळलं की ते स्वतःहून पागोळीखाली पिंप लावतं. ओळखीच्या घरी आवणी असेल तर एक दिवस मुलाला चिखलात उभं करा. मूठभर रोपं किती अंतराने लागतात, मजुरी किती, एकरी बियाणं किती, हे सगळं बांधावरच विचारायचं.

*ऑगस्ट.* १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठल्यावर आणि नारळी पौर्णिमेला सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूरच्या बंदरांवर जी धांदल असते ती मुलाला दाखवा. आणि याच महिन्यात भरती-ओहोटी शिकवा, कारण कोकणातल्या कोळ्यांकडे तिचा एक देखणा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. मग वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. दिवसा एक भरती, रात्री एक, असा हा हिशेब दोन्हींना चालतो.

यावर पंधरा दिवस सहज जातात. मुलाने दिनदर्शिकेतली तिथी पाहायची, वेळ काढायची, छापील भरतीच्या वेळेशी ताडून पाहायची आणि फरक लिहायचा. आपल्या किनाऱ्यावर वेळ थोडी मागेपुढे होते. किती होते, ते त्याच्या तक्त्यातून त्यालाच सापडू द्या. भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर उशिरा येते, कारण चंद्र रोज तेवढा मागे पडतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे लहान. अपूर्णांक, चंद्राच्या कला, गुरुत्वाकर्षण आणि मासळीचा भाव, चारही एकाच वहीत. नांदगाव किंवा चिंचणीला जायचं ते ओहोटीच्या वेळी, आणि वेळ मुलानेच काढून द्यायची. उत्तर चुकलं तर वाळूऐवजी पाणी दिसतं, वेगळी लाल शाई लागत नाही.

*गणपती ते दिवाळी.* गौरीच्या तेरड्यापासून झाडांचे नमुने जमवायला सुरुवात करा. गौरी-गणपतीत पाड्यांवर नाच असतात, ते पाहायला न्या, पण तिथे पाहुणे म्हणून वागायला आधी शिकवा. मोबाईल नाचवत फिरायचं नाही. भातकापणीच्या दिवसांत वाघबारस येते, तेव्हा वारली घरांत वाघोबाची पूजा का होते, ते त्यांच्याच तोंडून ऐका. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं छापील का होईना, मुलासमोर ठेवा. दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येतो, एवढ्यावर वारली चित्रकला संपवू नका. लग्नाचा चौक काढायचा मान कुणाचा, तांदळाचं पीठच का, हे विचारल्याशिवाय ती समजत नाही. दिवाळीतला किल्ला यंदा शिवनेरीऐवजी तारापूरचा करा. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर पोर्तुगीजांकडून घेतला गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर इतिहास घडला, ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत येते.

*थंडी.* उकडहंडीचे दिवस. मडक्यात पापडी, कोनफळ, रताळी भरून, तोंड पाल्याने बंद करून जाळ लावायचा. आत पाणी नाही, तरी सगळं शिजतं कसं? एवढा एकच प्रश्न विचारा आणि खायला बसा. किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात, संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र चढतं. या दोन्हींसाठी दुर्बीण लागत नाही.

*फाल्गुन ते वैशाख.* पळस, होळी, शेतात राब भाजणं, मग मोहाच्या फुलांचा सडा. चैत्रात हनुमान जयंतीपासून डहाणूजवळ विवळवेढेच्या महालक्ष्मीची यात्रा. मग ताडगोळे, करवंदं, आणि अखेरीस बहाडोलीची जांभळं. घोलवडच्या चिकूप्रमाणे या जांभळालाही भौगोलिक मानांकन आहे, त्या मानांकनाने विकणाऱ्याला नक्की काय मिळतं ते मोठ्या मुलांनी शोधावं. पापड, कुरडया, सुकट वाळवणं सुरू झालं की मुलाला तराजूवर बसवा. ओलं वजन, सुकं वजन, किती टक्के पाणी उडालं.

बाहेर नेताना हे पाळा

- चिखलात उतरताना पायाला जखम असेल तर मूल बांधावरच राहील. पावसाळ्यात चिखल-पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतात उतरल्याचं आवर्जून सांगा.
- वसाहतीतून येणाऱ्या नाल्यांच्या पाण्यात हात घालून 'निरीक्षण' नको. दूर उभं राहून रंग आणि वास लिहून काढा, तेवढा अभ्यास पुरे. वलगणीसाठीही वरच्या अंगाचा, स्वच्छ ओढा निवडा.
- साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, भगताकडे नेणं यातलं काही नाही. मुलाला हलू न देता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. हा नंबर मुलाला पाठ हवा.

दहावीपर्यंत नेणारे रस्ते

आठवीपर्यंत परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही, पण कुठेतरी नाव नोंदवलेलं असलं की सासरी-माहेरी बोलणी कमी बसतात. मुख्य पर्याय असे :

- राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस). मुक्त बेसिक शिक्षणाचे 'ए', 'बी', 'सी' हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. आधीचा दाखला नसला तरी स्वयंघोषणेवर प्रवेश मिळतो. किमान पाच विषय, त्यात एक भाषा. दहावीसाठी मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. थोडे थोडे विषय सोडवता येतात, हा याचा सर्वांत मोठा फायदा.
- महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथे पाचवी (वय १० पूर्ण) आणि आठवी (वय १३ पूर्ण) याही परीक्षा आहेत. बाकीच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच अर्ज भरा.
- १७ नंबरचा अर्ज. राज्य मंडळाची नेहमीची दहावी खाजगीरीत्या. शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे काही वर्षं शाळेत जाऊन बाहेर पडलेल्या मुलांना हा रस्ता बरा. कधीच शाळेत न गेलेल्यांनी एनआयओएस धरावं.

इथल्या पालकांची फसगत होते ती तीन ठिकाणी. पहिली, अभ्यासकेंद्र. वापी, उंबरगाव, सिल्वासा जवळ पडतं म्हणून तिकडचं केंद्र घेऊ नका. राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशांना दहावी-बारावी महाराष्ट्रातून केल्याची अट आडवी येते. दुसरी, निकालाची वेळ. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. मूल तयार असेल तर आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा द्या, म्हणजे एप्रिल-मेची संधी हाताशी राहते. तिसरी, 'हमखास दहावी' देणारे दलाल. रोख पैसे घेऊन कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या मंडळाचं गुणपत्रक देणारे स्टेशनांच्या आसपास पत्रकं वाटत असतात. मंडळ मान्यताप्राप्त आहे का ते आधी तपासा आणि फी थेट संस्थेच्या संकेतस्थळावर भरा.

परीक्षा टाळून चालेल का, असं विचारणाऱ्यांना मी मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण देते. सातवीनंतर घरी शिकलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी केलेली नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. वर्तमानपत्रांनी पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात छापलं, तुम्ही दुसरं लक्षात ठेवा. ऑलिंपियाडची पदकं सगळ्या मुलांना मिळत नाहीत, बारावी मात्र बहुतेकांना जमते.

आईचा वेळ

शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. मूल दिवसभर घरात असताना आईचं काय होतं? घरातले सगळे धरून चालतात की ती घरीच आहे, म्हणजे मोकळी आहे. पाहुणे दुपारी येतात, गॅसवाला तिच्या भरवशावर येतो, आजेसासूबाईंचं औषध तिच्याच डोक्यात. त्यावर हे ठरवून घ्या :

- दिवसातला एक तास तुमचा. त्या तासात मूल एकटं वाचेल, खेळेल, कंटाळेल. कंटाळू द्या.
- एक विषय दुसऱ्याकडे सोपवा. आजोबांकडे पाढे आणि पंचांग, आत्याकडे शिवण, वडिलांकडे विज्ञान. त्यांची पद्धत तुम्हाला पटणार नाही. मध्ये पडू नका.
- स्वयंपाक अभ्यासाच्या आड येत नाही, पण प्रत्येक भाकरीतून धडा काढण्याचाही अट्टाहास नको. कधी कधी नुसती भाकरी करावी.
- सोबत्यांची सोय आधी करा. शाळा सुटल्यावर पाचला मैदानावर जी मुलं येतात तीच तुमच्या मुलाचे वर्गमित्र. ती वेळ अभ्यासासाठी कधीही कापू नका. गणेश मंडळ, कबड्डीचा संघ, वाचनालय, जिथे वयाने लहान-मोठी मुलं असतील तिथे पाठवा.
- "शाळेत का नाही घातलं?" याचं एकच छोटं उत्तर घरातल्या सगळ्यांनी पाठ करावं. "मुक्त विद्यालयातून करतोय." लग्नाच्या पंगतीत यापेक्षा जास्त समजावत बसू नये.

आणि जमत नसेल तर थांबा. मूल सारखं एकटं पडत असेल, तुमची रोज चिडचिड होत असेल, किंवा घरातल्या कुणाची नोकरी जाऊन तुम्हाला कामाला लागावं लागलं, तर शाळेत घालणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात हार नाही.

परत शाळेत जाताना तुमचे हक्क

- सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण, असं कलम ४ सांगतं. "पहिलीपासून बसवू" हे ऐकून घेऊ नका. मात्र महाराष्ट्रात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचे नियम आले आहेत, त्यामुळे सहावी ते आठवीत घेताना शाळा पाचवीच्या पातळीची परीक्षा घेऊ शकते. त्याची तयारी ठेवा.
- जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). वर्ष सुरू होऊन गेलं म्हणूनही नाही (कलम १५). मुलाची किंवा पालकांची निवडचाचणी, मुलाखत, देणगी याला कलम १३ ने बंदी आहे.
- अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती, तारीख, एका प्रतीवर शाळेची पोच. मुख्याध्यापकांनी पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलमध्ये लावा.
- तरीही नकार आला तर आधी केंद्रप्रमुख, मग पालघर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.
- शक्य असेल तर अर्ज एप्रिलमध्येच द्या. जूनच्या मध्याला शाळा उघडतात तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर पटसंख्या, पुस्तकं आणि गळकं छप्पर एकदम येतं, तुमचा कागद त्या ढिगात खाली जातो.